उभ्या गाडीचे किलोमीटर

प्रश्न : काका, आमची बीएस सहा डिझेल गाडी आहे, 2021 साली घेतलेली. सासरे (आप्पा, वय 74, वीज मंडळातून निवृत्त) रोज सकाळी सहाला खाली जाऊन ती सुरू करतात आणि वर येऊन चहा घेतात. वीस मिनिटांनी पुन्हा खाली जाऊन बंद करतात. "इंजिन गरम होतं, बॅटरी चार्ज होते," असं त्यांचं म्हणणं. पार्किंगच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांकडे चार महिन्यांचं बाळ आहे. धूर आणि वास घरात येतो म्हणून त्यांनी सोसायटीत तक्रार केली आणि आप्पांनी ती मनाला लावून घेतली आहे. "चाळीस वर्षं गाडी सांभाळतोय, मला शिकवू नका," म्हणतात. गाडी तशी फार फिरत नाही. मिस्टर घरूनच काम करतात. मी लेकीला चार किलोमीटरवरच्या क्लासला सोडते आणि आणते, एवढंच. महिन्याला जेमतेम दोनशे किलोमीटर होतात. मधेच एक पिवळा दिवा लागतो, गाळणीसारखं चित्र असलेला. शिवाय घरी आल्यावर गाडी बंद केली तरी पुढचा पंखा जोरात फिरत राहतो आणि जळका वास येतो. आप्पांना कसं समजवावं? (ता. क. क्लास सव्वा तासाचा असतो. उन्हामुळे मी तेवढा वेळ एसी लावून गाडीतच बसते. कधी डुलकीही लागते. त्याने काही होत नाही ना?)
– नाव छापू नये, सिंहगड रस्ता, पुणे

ताई, सगळं पत्र आप्पांबद्दल लिहिलंत आणि खरी गोष्ट ता. क.मध्ये कंसात घातलीत. गॅरेजमध्येही असंच होतं. गिऱ्हाईक अर्धा तास हॉर्नचं रडगाणं गातं आणि जाता जाता म्हणतं, "हां, आणि ब्रेक जरा उशिरा लागतो."

तर आधी हिशेब करू. आप्पांची रोजची वीस मिनिटं म्हणजे महिन्याला दहा तास. तुमचा एसी लावून बसायचा वेळ तासभर धरला, तर महिन्याच्या बावीस दिवसांचे बावीस तास. म्हणजे तुमची गाडी महिन्यात बत्तीस तास जागच्या जागी चालू असते. दीड लिटरचं डिझेल इंजिन नुसतं स्लोवर उभं असलं की तासाला अर्धा लिटर पितं, एसी लावला की पाऊण लिटरच्या आसपास जातं. गाडीगाडीत थोडा फरक पडेल, पण अंदाज हाच. आप्पांचे पाच लिटर आणि तुमचे साडेसोळा. आता दोनशे किलोमीटर चालायला किती लागलं? शहरात चौदाचं ॲव्हरेज धरलं तर चौदा-साडेचौदा लिटर. म्हणजे तुमची गाडी पळायला जेवढं डिझेल खाते, त्याच्या दीडपट उभ्या उभ्या खाते. लिटरला नव्वद रुपये धरले तरी महिन्याला एकोणीसशेच्या वर रुपये एकही चाक न फिरवता जातात, आणि एका लिटरमागे पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो वेगळाच.

पैशांचं जाऊ द्या. मला मीटरची जास्त काळजी वाटते. गाडीचा मीटर चाकाकडून आकडा घेतो, इंजिनाकडून घेत नाही. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारत असतं, ऑइल झिजत असतं, काजळी साठत असते आणि मीटर मात्र ढिम्म. गॅरेजातला जुना ढोबळ ठोकताळा असा, की एक तास उभी चालली म्हणजे चाळीसेक किलोमीटर धावली असं समजायचं. त्या मापाने तुमच्या बत्तीस तासांचे बाराशेऐंशी किलोमीटर झाले. वर्षाचे पंधरा हजार. मीटरवर दिसतात चोवीसशे! तुम्ही निर्धास्त असणार, की दहा हजार कुठे झालेत, ऑइल कशाला बदलायचं. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढून बघा. 'कठीण वापर' किंवा अशाच काही नावाचं एक पान बहुतेक पुस्तकांत असतं. धूळ, डोंगर, ओझं यांच्या रांगेत तिथे जास्त वेळ उभी चालू ठेवणं आणि सतत छोट्या फेऱ्या हेही येतं, आणि त्या वापराला ऑइल लवकर बदला असं सांगितलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा, आणि ऑइल सहा महिन्यांनी बदला.

आता आप्पांकडे येऊ. माणूस चुकीचा नाही, गाडी बदलली आहे.

चाळीस वर्षं म्हणतात म्हणजे त्यांचा हात कार्ब्युरेटरच्या गाडीवर बसलेला. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, सेल मारायचा, इंजिन खोकत खोकत उठायचं. लगेच गिअर टाकला की गाडी धक्के खात बंद. चोक हळूहळू आत ढकलत पाच-दहा मिनिटं थांबलं की मग ती माणसात यायची. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण थंड इंजिनात नीट जमायचं नाही म्हणून हे सोपस्कार. त्या काळात न थांबता गाडी काढणारा अडाणी ठरायचा, आणि ते बरोबरच होतं. आजच्या गाडीत किती इंधन सोडायचं हे संगणक ठरवतो. इंजिन किती थंड आहे, हवा किती आत येते, हे सेन्सर त्याला क्षणाक्षणाला सांगत असतात. ऑइलचंही तेच. डब्यावर 5डब्ल्यू-30 असं लिहिलेलं असतं ना, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. 5डब्ल्यू ऑइल थंडीत इंजिन फिरू देतं की नाही, हे उणे 30 अंशांना तपासतात. पुण्याचा पारा आठ-नऊवर उतरला की आपण कानटोपी काढतो, ऑइलला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी सुरू केली, ऑइलचा लाल दिवा विझला, पट्टा लावला, आरसा पाहिला, की निघायचं. तीस सेकंद पुष्कळ झाले. पहिले तीन-चार किलोमीटर मात्र हलक्या पायाने चालवायची, रेस द्यायची नाही.

उभ्या उभ्या इंजिन गरम होतं हेही अर्धंच खरं. डिझेल इंजिन बिनओझ्याचं इतकं कमी इंधन जाळतं की उष्णता पुरेशी तयारच होत नाही. वीस मिनिटांनी पाणी कोमट झालेलं असतं, पण ऑइल, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचं मागचं टोक थंडच राहतं. इंधन जळलं की पाणी तयार होतं, लिटरला जवळजवळ लिटरभर. गाडी रस्त्यावर पळाली की ते वाफ होऊन निघून जातं. सायलेन्सर थंड असला की आतच साचतं. आप्पांना म्हणावं, गाडी बंद करताना मागच्या नळीखाली फरशीवर ओल दिसते का बघा. दिसत असेल तर तेवढीच आतही असते, आणि सायलेन्सर आतून गंजतो तो असा.

बॅटरीचं तर त्यांना वीज मंडळाच्या भाषेतच सांगता येईल. सेल मारताना मोठा करंट एकदम ओढला जातो. तो भरून काढायचं काम अल्टरनेटरचं, आणि अल्टरनेटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. आठशे फेऱ्यांवर तो कसाबसा घरखर्च भागवतो, शिल्लक फार टाकत नाही. सेल मारून जे घालवलं ते वीस मिनिटांत परत आलं तरी पुष्कळ. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवली की काम होतं. चांगली बॅटरी आठ-पंधरा दिवस गाडी न हलवता सहज तग धरते. मी तर म्हणतो, आप्पांना एक डिजिटल मल्टिमीटर आणून द्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर टोकं टेकवायची. 12.6 व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. रोज सकाळी चहाच्या आधी आकडा वहीत लिहायचा. त्यांची सकाळची फेरी मोडली नाही, आणि वरच्या बाळाचं नाक वाचलं. वीज मंडळात आयुष्य काढलेल्या माणसाला बिनधुराची सकाळ द्यायची तर हीच. गाडी खरोखरच हलणार नसेल आणि पार्किंगमध्ये प्लग असेल, तर बॅटरी सांभाळणारा छोटा चार्जरही मिळतो.

बाळाची बाजूही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर पक्का कर्करोगकारक म्हणून नोंदवला. तुमच्या गाडीला काजळी धरणारा फिल्टर आहे हे खरं, पण नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि तुमची गाडी तापतच नाही. वर स्टिल्टचं, म्हणजे खांबांवरच्या पार्किंगचं छत. धूर खाली पसरतो आणि जिन्याने, खिडकीने वर चढतो. तक्रार करणारे खाष्ट नाहीत. एकदा आप्पांनाच घेऊन त्यांच्याकडे जा, बाळाला बघायला म्हणून. नोटीस-बिटीस मधे आणू नका. आणि हो, गाडी चालू ठेवून वर चहाला जाणं हे धुराइतकंच वाईट. खाली मुलं खेळतात. सार्वजनिक जागी तर मोटार वाहन कायद्याचं कलम 126 सरळ सांगतं, की चालकाच्या जागेवर परवाना असलेला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. सोसायटीचं आवार सार्वजनिक की खासगी हा वाद वकिलांना घालू द्या.

आता तो पिवळा दिवा. पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य ते आहे.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस सहा हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर आला, डीपीएफ. तुमचा दिवा त्याचाच. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक भोकांचा. काजळी त्यात अडकते. पोळं भरलं की गाडी ते स्वतःच जाळून साफ करते, पण त्यासाठी आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. उभ्या गाडीचा धूर शंभर-दोनशे अंशांवर रेंगाळतो. मग संगणक एक युक्ती करतो. जास्तीचं डिझेल मुद्दाम उशिरा सोडतो, म्हणजे ते पुढे सायलेन्सरच्या वाटेवर जळून फिल्टर तापवेल. हे काम दहा-वीस मिनिटांचं आणि ते चालू असताना गाडी धावती हवी. तुमच्या फेऱ्या चार किलोमीटरच्या. फिल्टर तापायला लागतो, तोवर घर येतं आणि तुम्ही किल्ली फिरवता. अर्धवट जळणाचा तो जळका वास, आणि तापलेल्या फिल्टरला थंड करायला घोंघावणारा तो पंखा. पुढच्या वेळी संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा तुम्ही बंद करता.

उशिरा सोडलेलं ते डिझेल सगळंच पुढे जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून घसरून खाली ऑइलमध्ये उतरतं. मग एक विचित्र गोष्ट घडते. गाडीचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं! उद्या सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल तर आनंद मानू नका. बोटावर एक थेंब घेऊन चोळा. चांगलं ऑइल बोटांमध्ये रेशमासारखं दाट लागतं. हे पाण्यासारखं सुटेल, आणि नाकाजवळ नेलंत तर पेट्रोल पंपाचा वास येईल. (रंगावर जाऊ नका, डिझेलचं ऑइल आठवड्यातच काळं होतं.) असं पातळ झालेलं ऑइल टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि बेअरिंग खातं. पातळी वर गेलेली असेल तर फिरवायला नेऊ नका, आधी ऑइल बदला.

पातळी ठीक असेल, दिवा पिवळाच असेल आणि लुकलुकत नसेल, तर रविवारी सकाळी सहाला, आप्पा रोज गाडी सुरू करतात त्याच वेळी, त्यांना चालवायला बसवा. नवले पुलावरून महामार्गाला लागा, कात्रजच्या नवीन बोगद्यातून खेड शिवापूरच्या बाजूला. साठ-सत्तरचा एकसारखा वेग, एक गिअर खालचा ठेवून फेरे दोन हजारांच्या वर, वीसएक मिनिटं. दिवा विझेल. विझला तरी लगेच थांबू नका, अजून पाच मिनिटं चालू द्या. वाटेत मिसळ खायला थांबाल तेव्हा वाळक्या गवतावर गाडी लावू नका, खाली सायलेन्सर लाल तापलेला असतो. दर दहा-पंधरा दिवसांनी ही फेरी झाली तर फिल्टरचं दुखणं बहुधा राहणार नाही.

परत येताना बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार लागेल. तिथले अपघात तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून उतरणारे तिथे जीव घालवतात आणि घेतात. माझ्या या सगळ्या लेक्चरमधून 'इंजिन बंद केलेलं बरं' एवढंच कुणी उचलू नये म्हणून सांगतो : ते उभ्या गाडीपुरतं. धावत्या गाडीचं इंजिन बंद केलं की ब्रेकमागचा जोर दोन-तीन दाबांत संपतो आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. गाडी गिअरमध्ये असली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असला, तर आजची इंजिनं उतारावर डिझेल सोडतच नाहीत. न्यूट्रलने वाचत काहीच नाही.

आणखी एक अपवाद आप्पांच्या बाजूने. घाट चढून किंवा महामार्गावरून जोरात येऊन थांबलात, तर लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट स्लोवर राहू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोतून ऑइल फिरतं आणि तो निवतो. तेवढं थांबणं शहाणपणाचं. ते त्यांना आवर्जून सांगा. माणसाला आपलं काहीतरी बरोबर आहे हे ऐकायला मिळालं की बाकीचं पचतं.

आता तुमची डुलकी. त्याने काही होत नाही ना, असं विचारलंत. होतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी जास्त ओढीने त्याला धरतं, आणि मग प्राणवायूला जागा उरत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. जागा असलेला माणूस दार उघडून बाहेर येतो, झोपलेल्याला कळतच नाही. डिझेलमध्ये हा वायू पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरं, म्हणून घाबरून जाऊ नका. पण सायलेन्सरचा सांधा कुठे गळत असेल, मागे भिंत असेल, शेजारी दुसरी पेट्रोल गाडी चालू उभी असेल, तर तुमच्या एसीला काय खेचायचं ते कळत नाही. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा पावसात तुंबलेल्या पाण्यात नळी बुडालेली असताना तर पाच मिनिटंही नको. चालू गाडीत झोपायचं नाही. डोळा लागतोय असं वाटलं की किल्ली फिरवा, काच खाली करा. लेकीलाही हे शिकवून ठेवा.

उन्हाचं काय करायचं? एप्रिलात पुण्यात दुपारी चार-पाचला गाडीत बसणं म्हणजे तवा, हे मला मान्य आहे. आणि एकट्या बाईने रस्त्याकडेला काचा उघड्या टाकून बसावं असं मी म्हणणार नाही. पण सव्वा तासापैकी किती वेळ खरंच गाडीत बसायला हवं? क्लासच्या आसपास तुमच्यासारख्या तीन-चार आया त्याच वेळी एसी लावून बसलेल्या असतात, मी पाहिल्यात, प्रत्येकीच्या गाडीखाली एसीच्या पाण्याचं थारोळं. एकाच बाजूला राहत असाल तर आळीपाळी ठरवा. एक दिवस एकीने मुली आणायच्या, बाकीच्या घरी. जमत नसेल तर सावलीत गाडी लावा, पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा, आणि बसायला क्लासचाच जिना किंवा जवळचं वाचनालय. मुलगी फाटकातून बाहेर दिसली की मगच गाडी सुरू करा. आधी दोन मिनिटं चारही काचा खाली, आतली गरम हवा जाऊ दे, मग एसी. चालत्या गाडीत तो उभ्या गाडीपेक्षा लवकर गार करतो, कारण कंडेन्सरवर, म्हणजे एसीच्या पुढच्या जाळीवर, समोरून वारा येतो.

सिग्नलला किती सेकंद असले की बंद करायची, हेही पुढच्या पत्रात कुणीतरी विचारेलच. दिल्लीत 2020 साली 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' मोहीम काढली होती. माझा नियम सोपा आहे : आकडा तीसच्या वर दिसला तर बंद. मात्र तुमच्या गाडीचा फिल्टर साफ होत असताना नाही.

आणि हे लक्षात ठेवा, की पिवळा दिवा लुकलुकायला लागला, लाल झाला, किंवा गाडी पिकअपच देईना, तर खेड शिवापूर वगैरे काही नाही. हळू हळू सरळ गॅरेज. तिथे स्कॅनर लावून फिल्टर साफ करतात. नवीन टाकायला सांगितलं तर आधी काजळीचा आकडा पडद्यावर दाखवा म्हणावं. आप्पांना बरोबर न्या, वही घेऊन.